मूळपेशी, ऑक्सिजन आणि दोन लाखांची उचल



रविवारची वंदना झाली, सतरंज्या गुंडाळून ठेवल्या, की कळंबच्या आमच्या वस्तीतल्या विहारात आणखी एक बैठक आपोआप भरते. कोणाच्या हातात रक्ताचा रिपोर्ट असतो, कोणाच्या हातात गोळ्यांची रिकामी पट्टी. "हे बघा जरा, काय लिवलंय" म्हणत माणसे जवळ येतात. आम्ही डॉक्टर नाही. वाचता येते ते वाचून सांगतो, माहीत नसते ते विचारून येतो. आरोग्याचे हे पान अशा विचारण्यातूनच भरत असते.

या वेळचा प्रश्न एका ऊसतोड जोडप्याने आणला. त्यांचा मुलगा पाच वर्षांचा आहे. जन्म कारखान्याच्या थळावर, कोपीत झाला. दवाखाना लांब होता, बाळ लवकर रडले नाही. पुढे मान धरायला उशीर झाला, पाय ताठ राहिले. कागदावर डॉक्टरांनी लिहिले आहे : जन्मवेळी मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, सेरेब्रल पाल्सी.

वडिलांनी मोबाइल पुढे केला. त्यावर एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकची जाहिरात होती. मूळपेशींची तीन इंजेक्शने, खर्च दोन लाख, लेकरू पायावर उभे राहील असा भरवसा. खाली एक ओळ ठळक अक्षरात होती : आमच्या पेशी कमी ऑक्सिजनमध्ये वाढवलेल्या, म्हणून जास्त ताकदवान. मुकादम जादा उचल द्यायला तयार होता. म्हणजे नवरा-बायकोचा कोयता आणखी दोन-तीन हंगाम त्याच टोळीला बांधला जाणार होता.

आई इतका वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "दादा, आक्सिजन कमी पडला म्हणून माझ्या लेकराचं असं झालं म्हणतेत. आन् ह्येच्यात लिवलंय, कमी आक्सिजनातल्या पेशी ताकदीच्या. मग खरं काय धरायचं?"

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. पैसे देऊ नका, थोडे थांबा, एवढेच सांगितले. नंतर वाचले, जाणकारांना विचारले. तिचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा होता, हे वाचताना कळले. त्याचे उत्तर आज सर्वांसाठी देतो.

मूळपेशी म्हणजे काय?

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. स्नायूची पेशी आखडते, कातडीची पेशी झाकते, तांबडी रक्तपेशी ऑक्सिजन वाहून नेते. मूळपेशीचे काम असे एकच ठरलेले नसते. ती दोन गोष्टी करू शकते. दुभंगून स्वतःसारखीच दुसरी मूळपेशी तयार करते, किंवा वेळ येईल तसे दुसऱ्या कामाच्या पेशीत बदलते. बियाणे राखून ठेवायचे आणि त्यातलेच थोडे पेरायचे, असा तिचा कारभार असतो. सगळे पेरले तर पुढच्या सालाला काही उरणार नाही. सगळे राखले तर या साली खायला मिळणार नाही.

सगळ्यात चांगली ओळख झालेल्या मूळपेशी रक्ताच्या आहेत. त्या हाडांच्या आत, मगजात राहतात. डॉक्टर त्याला अस्थिमज्जा म्हणतात. तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते, मग मोडते. रोज मोडणाऱ्या अब्जावधी पेशींची भरपाई या मूळपेशींच्या जिवावर चालते. अशा पेशी खरोखर असतात, हे कॅनडातील टोरांटोचे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगातून दाखवून दिले.

शरीरात सगळीकडे सारखी हवा नसते

कोरोनाच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघर पाहिले गेले. त्यावर ९५, ९८ असे आकडे यायचे. रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती भागाने ऑक्सिजन धरला आहे, हे तो आकडा सांगतो. इथे आपण बोलणार आहोत तो आकडा वेगळा आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. ती हवा फुप्फुसात जाते, ऑक्सिजन रक्तात उतरतो, रक्त तो वाटत वाटत पुढे जाते. जितके आत जावे, तितका तो कमी होत जातो. बहुतेक अवयवांच्या पेशींजवळ तो ३ ते ७ टक्क्यांच्या आसपास उरतो.

हाडाच्या मगजात त्याहून कमी. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी जिवंत उंदराच्या हाडातील मगजात ऑक्सिजन थेट मोजला. तो सुमारे १ ते ४ टक्के भरला. मगजात रक्तवाहिन्या भरपूर आहेत, तरीही असे का? कारण तिथे पेशींची दाटी आहे. खाणारी तोंडे पुष्कळ, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला थोडे.

रक्ताची मूळपेशी या थोडक्यातच जगायला शिकलेली आहे. बहुतेक वेळ ती निजलेली असते. साखरेपासून ऑक्सिजनविना जेवढी ऊर्जा मिळते, तेवढ्यावर भागवते. गरज पडली की जागी होते.

मेंदूची पेशी याच्या अगदी उलट. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीर वापरते त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन त्याला एकट्याला लागतो. साठवण काहीच नाही. काही मिनिटे पुरवठा तुटला की पेशी मरू लागतात.

त्या माउलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या पेशींच्या आहेत. जो कमी ऑक्सिजन मगजातल्या मूळपेशीचे घर आहे, तोच मेंदूच्या पेशीचा काळ आहे.

प्रयोगशाळेतले घर

मूळपेशी शरीराबाहेर वाढवायच्या तर त्यांना घर द्यावे लागते. त्याला इन्क्युबेटर म्हणतात. दिसायला लहान फ्रिजसारखी पेटी, पण आत ऊब. तापमान ३७ अंश, ओलावा भरपूर, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. पेशी काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पसरट भांड्यात, लालसर पोषक द्रवात ठेवतात. द्रव ठरलेल्या दिवशी बदलायचा, जंतू शिरू द्यायचे नाहीत, सगळ्याची नोंद ठेवायची.

या पेटीत साधी हवा असते तेव्हा ऑक्सिजन १८-१९ टक्के भरतो. कित्येक वर्षे जगभर असेच चालत आले. हवेत आहे तेवढा ऑक्सिजन ठेवला, यात चूक काय, असे वाटणे साहजिक होते. पण १ ते ४ टक्क्यांत राहणाऱ्या पेशीला १८ टक्क्यांत ठेवणे म्हणजे तिच्यासाठी घर बदलणेच आहे.

जास्तीचा ऑक्सिजन काय करतो, ते स्वयंपाकघरात रोज दिसते. वांगे चिरून उघडे ठेवले की काळे पडते, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. वांग्याच्या चिरलेल्या भागाशी हवेतला ऑक्सिजन जी क्रिया करतो, तशीच नव्हे पण त्याच जातीची झीज पेशीच्या आतही होते. ऑक्सिजनपासून तयार होणारे तापट कण पेशीतल्या गुणसूत्रांना, तिच्या पडद्याला इजा करतात. पेशी ती दुरुस्त करत राहते. इजा वाढली की थकते, दुभंगणे थांबवते. शास्त्रज्ञ त्याला पेशीचे म्हातारपण म्हणतात.

१९७७ मध्येच असे दिसले होते की माणसाच्या फुप्फुसातल्या साध्या पेशी १० टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवल्या तर नेहमीपेक्षा जास्त वेळा दुभंगतात. २००३ मध्ये उंदरांच्या पेशींवर काम झाले. नेहमीच्या पेटीत त्या लवकर म्हाताऱ्या होत होत्या. ३ टक्के ऑक्सिजनमध्ये तसे झाले नाही. जपानमधील क्योटोचे शिन्या यामानाका यांनी साध्या पेशीला परत मूळपेशीसारखी करण्याची रीत शोधली. त्यासाठी त्यांना २०१२ चे नोबेल मिळाले. त्यांच्याच गटाने २००९ मध्ये दाखवले की हे रूपांतर ५ टक्के ऑक्सिजनमध्ये जास्त प्रमाणात होते.

२०१५ मधली अमेरिकेतील गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. मगजातून किंवा नाळेच्या रक्तातून मूळपेशी काढताना त्यांना काही मिनिटे साधी हवा लागते. हॅल ब्रॉक्समेयर यांच्या गटाने पेशी काढण्यापासूनची सगळी कामे ३ टक्के ऑक्सिजनच्या बंद कक्षात केली. तेव्हा हाती लागलेल्या खऱ्या मूळपेशींची संख्या नेहमीच्या काही पट भरली. म्हणजे एरवी मोजण्याआधीच, उघड्या हवेच्या त्या थोड्या वेळात, पुष्कळ मूळपेशी आपले मूळपण गमावून बसत होत्या.

पेशीला कळते कसे?

पेशीला नाक नाही. मग आसपास ऑक्सिजन किती, हे तिला कसे समजते? याचा उलगडा केल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

पेशी एक निरोप्या सतत तयार करत असते. त्याचे नाव हिफ. ऑक्सिजन पुरेसा असला तर त्या निरोप्यावर एक खूण चिकटते आणि काही मिनिटांत पेशीच त्याला मोडून टाकते. ऑक्सिजन कमी झाला की ती खूण लागत नाही. हिफ टिकतो, पेशीच्या केंद्रात जातो आणि काही कामे सुरू करायला सांगतो : साखर वेगळ्या रीतीने जाळा, नव्या रक्तवाहिन्यांना साद घाला, तांबड्या पेशी वाढवायचा हुकूम सोडा. लेह-लडाखच्या विरळ हवेत गेलेल्या माणसाचे रक्त हळूहळू दाट होते, ते यामुळेच.

रक्ताच्या मूळपेशीत हा निरोपच बहुधा "नीज, बियाणे राख" असे सांगत असतो.

पुण्यातले काम

याच प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रातही काम झाले आहे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. केंद्र सरकारची ही संस्था सगळ्या देशातील प्रयोगशाळांना वाढवलेल्या पेशी पुरवते. तिथल्या डॉ. वैजयंती काळे यांच्या गटाने २०१५ मध्ये एक कोडे हाती घेतले.

कोडे असे. मगजात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून मूळपेशी निजून असतात. पण रुग्णाला दुसऱ्याचा मगज देतात, तेव्हा त्याच मगजात जाऊन नव्या मूळपेशी भराभर वाढतात. निजायच्या जागी त्या जाग्या कशा?

उत्तराचा धागा आपल्याकडच्या दुष्काळी माणसाला लगेच समजेल. मगज देण्याआधी औषधांनी रुग्णाचा जुना, बिघडलेला मगज रिकामा करतात. आडावर पाणी शेंदणारी माणसे एकदम कमी झाली की आडाचे पाणी वर येते. तसे खाणाऱ्या पेशी कमी झाल्या की मगजातला ऑक्सिजन काही काळ वाढतो. पुण्याच्या गटाने मूळपेशींना आधार देणाऱ्या शेजारपेशी घेतल्या आणि कोबाल्ट क्लोराइड नावाच्या रसायनाने त्यांना "ऑक्सिजन कमी आहे" असे भासवले. मग त्यांच्याबरोबर मूळपेशी दोन प्रकारच्या पेट्यांत वाढवल्या, एकीत ऑक्सिजन कमी, दुसरीत नेहमीइतका. कमी ऑक्सिजनच्या पेटीत मूळपेशींची वाढ दबली. नेहमीच्या ऑक्सिजनमध्ये, पण कमी ऑक्सिजनची सवय झालेल्या शेजाऱ्यांच्या सोबतीने, त्या चांगल्या वाढल्या.

ही बारीक गोष्ट आहे, पण जाहिरातीतली ती ठळक ओळ इथेच गळून पडते. "कमी ऑक्सिजन म्हणजे ताकदवान" असे सरसकट म्हणताच येत नाही. बियाणे राखायचे असेल तर कमी ऑक्सिजन बरा. पेरून वाढवायचे असेल तर तोच अडसर. गुडघ्याच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून मूळपेशीपासून कूर्चा बनवायला कमी ऑक्सिजन मानवतो. हाड बनवायचे असेल तर तो आड येतो. कोणती पेशी, किती ऑक्सिजन, किती दिवस, कोणत्या शेजारात, कशासाठी, हे सगळे मिळून निकाल ठरतो.

विहारात आपण प्रतीत्यसमुत्पाद ऐकतो. हे असल्याने ते होते, हे नसल्याने ते होत नाही. कोणतीही वस्तू स्वतःच्या जोरावर सुटी उभी नसते, कारणांच्या आधाराने असते. मूळपेशी ही त्याची हाडामांसाची साक्ष आहे. तिच्यात सुटी "ताकद" नसते. जशी परिस्थिती, तशी ती.

एक सावधानतेचा शब्द. पेटीतल्या पेशीचा हा हिशेब घरातल्या माणसाला लावू नका. कोणाला धाप लागली, ओठ निळे पडले, बाळ जन्मून रडले नाही, तर ऑक्सिजन आणि दवाखाना, दुसरा विचार नाही. १०८ ला फोन करा. बाळंतपण दवाखान्यातच होऊ द्या. थळावर असाल तर जवळचा सरकारी दवाखाना कुठे आहे, हे पोचल्या दिवशीच पाहून ठेवा. गरोदर माय टोळीत असेल तर मुकादमाला आधी सांगून ठेवा की रात्रीसुद्धा गाडी लागेल.

खरा उपचार कोणता?

मूळपेशींचे सगळेच उपचार खोटे आहेत, असे आमचे म्हणणे नाही. रक्ताच्या मूळपेशींचा उपचार भारतात चार दशकांहून जुना आहे. मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा मगज दिला. देशातले ते पहिले यशस्वी मगज-प्रत्यारोपण मानले जाते. डॉ. अडवाणी स्वतः लहानपणी पोलिओ होऊन चाकाच्या खुर्चीवर आलेले. अपंग म्हणून वैद्यकीय शिक्षणाला आधी प्रवेश नाकारला गेला, तो त्यांनी झगडून मिळवला.

आज रक्ताचे काही कर्करोग, थॅलेसेमिया, मगज सुकण्याचा आजार, निवडक रुग्णांत सिकलसेल, यांवर हा उपचार आहे. सिकलसेलचे नाव मुद्दाम घेतो. विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजात तो पुष्कळ आढळतो आणि आपले सोयरसंबंध तिकडे आहेत. त्या आजारातही ऑक्सिजनचाच खेळ आहे : ऑक्सिजन सोडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. लग्न ठरवताना दोघांची सिकलसेलची तपासणी करून घ्या. पत्रिका पाहण्यापेक्षा तो कागद पाहणे जास्त कामाचे.

मगज जुळावा लागतो. एकाच आईबापाच्या दोन लेकरांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. घरात जुळला नाही तर नोंदणीकृत दात्यांत शोधतात. जुळणी वंशपरंपरेने येते, त्यामुळे आपल्या समाजातील दाते जितके जास्त नोंदतील, तितकी आपल्या आजारी लेकरांची आशा वाढेल. बहुतेक वेळा मूळपेशी आता हातातल्या रक्तातूनच काढतात, हाड टोचावेही लागत नाही. थॅलेसेमिया किंवा मगज सुकण्याचा आजार असलेल्या गरीब मुलांना कोल इंडियाच्या मदतीने चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून, ठरलेल्या रुग्णालयांत, १० लाखांपर्यंत साहाय्य मिळते.

याखेरीज प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूळपेशींच्या एका भारतीय उत्पादनाला औषध नियंत्रकांनी मान्यता दिली आहे. ते मुख्यतः बर्जर रोगातील बंद पडत चाललेल्या पायासाठी आहे, पुढे गुडघ्याच्या झिजेसाठीही परवानगी मिळाली. बर्जर रोग बिडी-तंबाखूने होतो. त्यावरचा पहिला उपचार बिडी सोडणे हाच, आणि तो फुकट आहे.

पैसे मोजण्याआधी

सेरेब्रल पाल्सीवर मान्यता मिळालेला मूळपेशी उपचार आज नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की मान्य केलेल्या आजारांत रक्ताच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर बाकीचा वापर फक्त मंजूर संशोधनातच करता येतो. संशोधनात भाग घेणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. स्वमग्नतेसाठी मूळपेशी देऊ नयेत, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले आहे. म्हणून कोणी मूळपेशींचे नाव घेतले की हे प्रश्न विचारा. उत्तर कागदावर मागा.

१. हा मान्य उपचार आहे की संशोधन? संशोधन असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, इंडिया येथील नोंदणी क्रमांक कोणता? ही नोंद मोबाइलवर कोणालाही फुकट पाहता येते.

२. संशोधन असेल तर पैसे कशाचे?

३. पेशी कोणाच्या, शरीराच्या कोणत्या भागातल्या? कोणत्या प्रयोगशाळेत, किती दिवस वाढवल्या? ऑक्सिजन किती होता, आणि तेवढाच का? जंतूंची तपासणी झाल्याचा कागद कुठे आहे?

४. पेटीतून काढून लेकराच्या अंगात जाईपर्यंत त्या किती वेळ, कशात होत्या?

५. त्रास झाला तर जबाबदारी कोणाची? भरपाई कोण देणार?

६. संमतीपत्र मराठीत आहे का? वाचून, समजून घेतल्याशिवाय सही नाही, अंगठा तर मुळीच नाही.

तिसऱ्या प्रश्नावर खरा शास्त्रज्ञ खुलतो. त्याच्याजवळ दिवसागणिक नोंदी असतात, तो सांगताना थकत नाही. ज्याला विकायचेच आहे, तो चिडतो किंवा दुसऱ्याचे फोटो दाखवतो. बरे झालेल्या लेकराचा व्हिडिओ म्हणजे पुरावा नव्हे. ते लेकरू व्यायामाने, वयाने किती सुधारले असते, हे तो व्हिडिओ सांगत नाही.

केसपुत्त गावच्या कालामांनी भगवान बुद्धांना हेच विचारले होते : येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, मग आम्ही मानायचे कोणाचे? कोणी मोठ्याने सांगितले, ग्रंथात आहे, परंपरेने आले, म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असा त्या उपदेशाचा आशय आहे. आता त्या यादीत मोबाइलवरची जाहिरातही धरायला हवी. अंगावर पांढरा कोट आहे म्हणून प्रश्न गिळायचे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला प्रश्न विचारू दिले नाहीत. तो हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला, तो दवाखान्याच्या दारातही वापरायचा असतो.

त्या लेकराचे

ते जोडपे पुढच्या रविवारी परत आले. हे प्रश्न आम्ही त्यांना लिहून दिले होते. वडिलांनी क्लिनिकला फोन लावला. नोंदणी क्रमांक विचारल्यावर पलीकडून सांगण्यात आले, "तुम्हाला त्यातलं काही कळणार नाही, आधी बुकिंग करा." बुकिंग झाले नाही. उचलही घेतली नाही.

मग आम्ही त्यांच्याबरोबर दुसरी वाट धरली. अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मुलगा दाखवला. त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी, लेकरांच्या व्यंगावर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात पाठवले. तिथे व्यायाम शिकवला. पाय कसे ताणायचे, कसे बसवायचे, घास गिळताना मान कशी धरायची, हे आईने शिकून घेतले. दिव्यांग ओळखपत्रासाठी अर्ज भरला. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय ही विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च त्यात मिळतो, व्यायामोपचारही त्यात धरलेला आहे. तो अर्जही केला.

लेकरू चालू लागले, असे आम्ही लिहिणार नाही, कारण ते चालू लागलेले नाही. भिंतीला टेकून आता ते जास्त वेळ बसते आणि स्वतःच्या हाताने भाकरीचा तुकडा तोंडाशी नेते. त्याच्या आईने त्या दिवशी सांगितले, "व्यायामाला पैसं लागत न्हाईत, पर माणूस लागतंय." या हंगामात ती थळावर गेली नाही. नवरा दुसऱ्या जोडीदाराबरोबर अर्ध्या कोयत्याने गेला आहे. मिळकत निम्मी झाली. हा खर्च कोणत्याच योजनेत धरलेला नाही.

म्हणून वस्तीतल्या महिला मंडळाने पाळी लावली आहे. आठवड्यातून दोन दिवस दुसरी कोणी बाई त्या लेकराचा व्यायाम घेते, तेव्हा आई रोजाने जाते. शिकायला एक दुपार पुरते. ज्यांना शिकायचे असेल, त्यांनी रविवारी वंदनेनंतर थांबावे. कोणाकडे अशी जाहिरात आली असेल, तर तीही घेऊन या. आपण मिळून वाचू.

जयभीम.